वानर पाहण्याची रीत

‘सफारी’ हा शब्द आपल्याकडे आफ्रिकेहून इंग्रजीच्या मार्गाने आला. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेने तो अरबीतून घेतला होता आणि अरबीत ‘सफर’ म्हणजे प्रवास. हा ‘सफर’ शब्द मराठीला फार जुन्या काळापासून परिचित आहे. एकच शब्द असा दोन वाटांनी घरी आला, आणि दोन्ही वेळा त्याने वेगळा अर्थ आणला. सफरीला जाणारा मनुष्य देश पाहतो. सफारीला जाणारा जनावर पाहतो. हे पाहणे म्हणजे नेमके काय, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

अलीकडे केवळ वानरवर्गातील प्राणी पाहण्यासाठी योजलेले प्रवास जगभर लोकप्रिय झाले आहेत. रवांडा आणि युगांडातील पर्वतीय गोरिला, टांझानियातील चिंपांझी, बोर्निओतील ओरांगउटान यांच्या दर्शनासाठी माणसे हजारो मैल जातात. असा प्रवास बुलढाणा जिल्ह्यात करायचा ठरवला तर? प्रश्न वरवर थट्टेचा वाटेल. बुलढाण्याच्या माणसाला वानर पाहायला जंगलात जावे लागत नाही. तो त्याच्या कौलावर, चिंचेवर आणि तुरीच्या वावरात येऊन बसलेला असतो. तरीही हा प्रश्न गांभीर्याने विचारावा असे आम्हांस वाटते, कारण या प्राण्याकडे पाहण्याचा जो दीर्घ इतिहास आहे त्याची काही महत्त्वाची पाने याच डोंगररांगेत आणि तिच्या आसपासच्या मुलखात लिहिली गेली आहेत.

प्रथम नावांचा घोळ निस्तरू. मराठीत ‘माकड’ आणि ‘वानर’ हे दोन वेगळे प्राणी आहेत. माकड तांबूस तोंडाचे, तुलनेने आखूड शेपटीचे किंवा डोक्यावर केसांची टोपी मिरवणारे. वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, राखाडी अंगाचा, लांब शेपटीचा हुप्प्या. इंग्रजीत त्याला ‘हनुमान लंगूर’ म्हणतात. बुलढाण्याचा खरा रहिवासी हा दुसरा. बुलढाणा-खामगाव मार्गावरील बोथ्याच्या जंगलात, म्हणजे सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात, तो आहे. लोणारच्या विवरात तो आहे. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी, मेळघाट व्याघ्र प्रकल्पात सामील असलेल्या अंबाबरवा अभयारण्यातही तो आहे. नांदुऱ्याला महामार्गाच्या कडेला १०५ फूट उंचीची हनुमंताची मूर्ती उभी आहे आणि लोणारला झोपलेल्या मारुतीचे मंदिर आहे. देव आणि प्राणी एकाच नावाने ज्या मुलखात राहतात, तिथे प्राण्याकडे निव्वळ प्राणी म्हणून पाहणे सोपे नसते.

बुलढाण्यातून जाणारी अजिंठ्याची रांग पश्चिमेकडे ज्या लेण्यांपाशी पोचते, तिथे या पाहण्याचा एक अप्रतिम पुरावा आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, सतराव्या लेण्याच्या भिंतींवर जातककथा रंगवल्या गेल्या. त्यांत महाकपी जातकाच्या दोन कथा आहेत. पहिलीत नदीतून वाहत आलेला आंबा चाखून वाराणसीचा राजा त्या झाडाच्या शोधात येतो. झाडावर वानरांचा कळप असतो. राजा धनुर्धरांचा वेढा घालतो, तेव्हा कळपाचा नायक आपल्या देहाचा पूल करून साऱ्यांना पैलतीरी पोचवतो आणि स्वतः प्राण सोडतो. दुसरीत दरीत पडलेल्या माणसाला वानर वर काढतो आणि तोच माणूस निजलेल्या वानराच्या डोक्यात दगड घालतो. याच लेण्यातील महिष जातकात मात्र वानर खोडकर आहे; सहनशील रेड्याच्या पाठीवर बसून तो त्याला छळतो. चित्रकारांनी वानराची बाजू घेतली, पण त्याला संत करून टाकले नाही. विशेष हे, की पहिल्या कथेतील भांडण फळांवरून आहे. आजचा शेतकरी आणि वानर यांच्यातील तंटा दीड हजार वर्षांपूर्वीच भिंतीवर चढला होता.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, ती वाघाच्या शिकारीच्या वेळी. त्या काळी जंगलातील सुटी म्हणजे बंदूक घेऊन काढलेली सुटी. पाहणे हे नेम धरण्याची पूर्वतयारी होती. त्याच सुमारास युरोपीय शास्त्रज्ञ पृथ्वीवरील प्राण्यांची नामावळी तयार करीत होते. १७९७ मध्ये द्युफ्रेन या फ्रेंच अभ्यासकाने बंगालमधून आलेल्या नमुन्यावरून आपल्या वानराला ‘एन्टेलस’ हे नाव दिले. एन्टेलस हा व्हर्जिलच्या महाकाव्यातील वृद्ध मुष्टियोद्धा. आपण त्याच्यात रामाचा दूत पाहिला, त्यांनी लॅटिन महाकाव्यातला मल्ल. दोन्ही नावे वाङ्मयातून आलेली; वानराने स्वतःहून काही सांगितलेले नव्हते.

वानराला स्वतःहून काही सांगू द्यावे, म्हणजे त्याच्याजवळ दीर्घकाळ बसून नोंदी कराव्यात, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावरची. १९५८ ते १९६० या काळात फिलिस जे या अमेरिकन अभ्यासक स्त्रीने उत्तर प्रदेशातील कौकोरी आणि बस्तरमधील ओरछा येथे वानरांचे कळप पाहिले. तिला शांत, समंजस समाज दिसला. त्यानंतर लगेच, १९६१ ते १९६३ मध्ये, युकिमारू सुगियामा आणि त्यांचे जपानी व भारतीय सहकारी धारवाडला काम करू लागले. त्यांना दिसले ते याहून फार निराळे. बाहेरून आलेल्या नरांनी एका कळपाच्या नायकाला हुसकावले, त्यांतला एक नवा नायक झाला आणि कळपातील पिल्ले एकामागून एक मारली गेली. पुढे अभ्यासकांनी दुसऱ्या एका कळपातून नायक स्वतःच काढून घेतला, तेव्हा तिथेही तेच घडले. येथे थोडे थांबले पाहिजे. पाहणाऱ्याने पाहण्यासाठी कळपात हात घातला होता आणि त्याची किंमत पिल्लांनी मोजली होती.

१९७१ पासून अबूच्या पहाडावर सारा ब्लॅफर हर्डी हिने हाच प्रश्न हाती घेतला आणि १९७७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तिचे म्हणणे असे, की पिल्लांची हत्या ही विकृती नाही. नव्या नराला स्वतःची संतती लवकर मिळवून देणारी ती उत्क्रांतीची रीत आहे, आणि माद्या तिला आपापल्या युक्तीने प्रतिकारही करतात. फिलिस जे, ज्या आता डॉलिनो या नावाने लिहीत, त्यांनी हे मानले नाही. माणसांच्या गर्दीत राहणाऱ्या वानरांचे बिघडलेले वर्तन आपण निसर्ग म्हणून वाचत आहोत, असा आक्षेप घेतला गेला. वाद वीस वर्षे चालला. १९९९ मध्ये नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या जनुकीय चाचण्यांतून मारणारे नर मेलेल्या पिल्लांचे बाप नव्हते असे निष्पन्न झाले आणि हर्डीच्या बाजूला बळ मिळाले. तथापि तो आक्षेप अगदीच वाया गेला असे आम्हांस वाटत नाही. माणसाच्या सान्निध्याने वानर बदलतो का, हा प्रश्न त्याने कायमचा मागे ठेवला.

मराठी साहित्याने या वादाची दखल लवकर घेतली, ही अभिमानाची गोष्ट आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही लघुकादंबरी वानरांच्या टोळ्यांतील सत्तापालटाचीच कथा आहे आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिच्यात वानर माणसासारखे बोलत नाहीत, बोधही करीत नाहीत. तरी वाचणाऱ्याला आपले राजकारण दिसते, तो दोष वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा. बोधकथेपासून निरीक्षणापर्यंतचा मोठा पल्ला आपल्या भाषेने या छोट्या पुस्तकात ओलांडला.

आता पुन्हा सफारीकडे येऊ. रवांडात १९७९ मध्ये गोरिला पाहण्याचे संघटित पर्यटन सुरू झाले, तेव्हा डायन फॉसी हिचा त्याला कडवा विरोध होता. १९८५ च्या डिसेंबरात तिचा खून झाला, पर्यटन राहिले. पण ते कोणत्या अटींवर राहिले, हे पाहण्याजोगे आहे. एका कुटुंबाजवळ दिवसाकाठी आठच प्रवासी. त्यांना एकच तास. ठरावीक अंतराच्या पुढे पाऊल नाही, खाणेपिणे नाही, आजारी माणसाला प्रवेश नाही. २०१७ पासून रवांडा या एका तासासाठी १५०० डॉलर घेते. विरुंगा पर्वतात १९८१ मध्ये अडीचशेच्या आसपास उरलेले गोरिला २०१६ च्या गणनेत ६०४ भरले. रक्षकांचे पहारे आणि पशुवैद्यांचे श्रम यांचा त्यात मोठा वाटा आहे, आणि त्यांना बळ देणाऱ्या पैशाचाही. पण त्या पैशाच्या मोबदल्यात प्रवाशाला मिळते ते फक्त पाहणे. स्पर्श मिळत नाही, खाऊ घालण्याचा आनंद मिळत नाही.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट घडते. देवळापाशी वानराला केळे, फुटाणे, बिस्किटे देणे हे पुण्य मानले जाते. देणाऱ्याचा भाव शुद्ध असतो, यात आम्हांस शंका नाही. पण वानराचे जठर पानांसाठी घडलेले आहे. त्याला कप्पे असतात आणि त्यांतील सूक्ष्म जीव कडक पाने आंबवून पचवतात. साखर-मैद्याचा मारा त्या व्यवस्थेला मानवणारा नाही. त्याहून मोठे नुकसान नात्याचे होते. हातातून घेण्याची सवय लागलेला वानर उद्या हातातून हिसकावतो, परवा स्वयंपाकघरात शिरतो, आणि मग त्याच गावातून त्याला पकडून न्या अशी मागणी उठते. भक्ती आणि वैर यांतील अंतर असे तीन दिवसांचे असते.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर मराठवाड्यातील दोन बातम्या शेजारी ठेवाव्यात. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील लवूळ गावात वानरांनी कुत्र्याची पिल्ले उचलून झाडावर, छपरावर नेल्याच्या आणि ती दगावल्याच्या बातम्या आल्या. बघता बघता आकडा अडीचशेवर गेला, ‘सूडाची’ कथा जगभर पसरली, अखेर वनखात्याने दोन वानर पकडून दूर सोडले. एवढ्या मोठ्या आकड्याला आधार नव्हता, पण सूडाची कथा लोकांना हवी होती. जेमतेम दहा महिन्यांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावाची बातमी आली. तिथे ३२ एकर जमीन कागदोपत्री माकडांच्या नावे आहे आणि लग्नकार्यात त्यांचा मान आधी राखण्याची रीत होती. एकाच भाषेच्या, एकाच पिकाच्या प्रदेशात एका गावी वानर जमीनदार, दुसऱ्या गावी खुनी. दोन्हीकडे वानर मात्र वानरच होता.

म्हणून बुलढाण्यात वानर पाहण्यासाठी चार दिवस काढावेत, असे आम्ही सुचवतो ते गंमत म्हणून नव्हे. ज्ञानगंगेत येणारा प्रवासी अस्वलाच्या आणि बिबट्याच्या आशेने येतो. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला, नऊ महिन्यांत सुमारे ३००० किलोमीटर चाललेला वाघ याच जंगलात येऊन स्थिरावला, तेव्हापासून वाघाचीही आस लागली. या आशेपायी गाडी वानरांच्या कळपापाशी थांबतच नाही. तिने थांबावे. राखाडी आईच्या पोटाशी काळपट पिल्लू असते आणि ते दिवसभरात किती माद्यांच्या हातांतून फिरते, हे मोजावे. शेपटीकडेही पाहावे. प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रूनवाल यांनी दाखवले, की उत्तरेकडचे वानर चालताना शेपटी पाठीवरून डोक्याकडे वळवतात आणि दक्षिणेकडचे मागच्या बाजूला. ही सीमा तापी-गोदावरीच्या आसपास पडते. बुलढाण्याच्या उत्तरेचे पाणी पूर्णेतून तापीला आणि दक्षिणेचे पैनगंगेतून गोदावरीला जाते. सीमेवरच्या जिल्ह्यात शेपटी कोणत्या बाजूला वळते, हा प्रत्येक प्रवाशाने स्वतः पाहून सोडवण्याजोगा प्रश्न आहे. लोणारच्या विवरात, २००० मध्ये अभयारण्य झालेल्या आणि २०२० पासून रामसर यादीत असलेल्या त्या तळ्याच्या काठी, हे सारे पायी फिरूनही पाहता येईल. अट एवढीच, की पिशवीत बिस्किटे नसावीत.

आणि या पाहण्यात शेतकऱ्याला वगळता येणार नाही. ज्याची तूर आणि हरभरा कळपाने फस्त केला त्याला सौंदर्यदृष्टीचे धडे देण्याचा अधिकार शहरी प्रवाशाला नाही. रवांडात प्रवेशमूल्याचा दहावा भाग आसपासच्या गावांच्या कामांसाठी ठेवला जातो. आपल्याकडे वानर फुकट दिसतो. त्याचा खर्च मात्र जंगलाच्या कडेचे वावर उचलते. वानर पाहायला येणाऱ्याने त्या खर्चातला काही वाटा उचलावा, अशी व्यवस्था अशक्य नाही. अजिंठ्याच्या कथेतील राजा आंब्यासाठी धनुष्य घेऊन आला होता. रात्रभर समोरचे दृश्य पाहत बसल्यावर त्याने धनुष्य खाली ठेवले आणि मरणाऱ्या नायकाची सेवा केली. कथा सांगणाऱ्यांना ठाऊक होते, की नुसत्या उपदेशाने राजा बदलला नसता. त्याला आधी नीट पाहावे लागले.