गंधकाची पकड

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचा संयोग, हे आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक. १८३४ साली कोपनहेगनच्या झाइसे याने गंधकयुक्त अल्कोहोलास ‘मर्कॅप्टन’, म्हणजे पारा पकडणारे, असे नाव दिले. पकड किती घट्ट, हे मात्र नावावरून कळेना. त्याच शहरी पुढे यूलियस थॉमसेनने शेकडो रासायनिक क्रियांची उष्णता मोजली. पण बंध हाती धरून कोणी मोजीत नाही. संयुग होताना निघालेली उष्णता घ्यावी, रेणू एकमेकांपासून सुटे करण्यास लागणारी हिशेबात धरावी. तिजोरी न उघडता जमाखर्चावरून शिल्लक काढण्यापैकीच हे काम!

आम्हांस यात रस एवढ्याचसाठी की, कामगाराच्या अंगात शिरलेला पारा प्रथिनांतील गंधकालाच धरून बसतो. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डला पीटर्स व त्यांचे सहकारी लुइसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धविषावर उतारा शोधीत होते. एकेकट्या गंधकाची पकड सुटे; एकाच रेणूतील शेजारच्या दोन गंधकांची सुटेना. (दोहोंकडून धरल्याचा हा लाभ उष्णतेच्या आकड्यांत पुरता उतरत नाही, बरे का.) ते औषध पुढे पाऱ्याच्या विषबाधेवरही देऊ लागले, शेंगदाण्याच्या तेलात कालवून, सुईने. टोचलेली जागा फार दुखते.