दोन वेळा जेवण, नाचणीची भाकरी आणि कारल्याचा रस: शुगरसाठी स्वतःवर प्रयोग करताना नेमकं काय मोजायचं?

गणपतीला किंवा होळीला मुंबईची माणसं महाड-पोलादपूरला गावी येतात, तेव्हा हल्ली पिशवीत मिठाईसोबत एक सल्लाही असतो. कुणी दिवसातून दोनदाच जेवतं, कुणी भात सोडलेला असतो, कुणी सकाळी दालचिनीचं पाणी पितं. 'माझी शुगर दोनशेवरून एकशेवीसवर आली' हे वाक्य ऐकलं की गावातले दोघे-तिघे दुसऱ्या दिवसापासून तेच सुरू करतात. आहार सारखा असतो, पण प्रत्येकाच्या डब्यातल्या गोळ्या वेगळ्या असतात. गडबड बहुतेक वेळा तिथेच होते.

लोकांना हे प्रयोग करावेसे वाटतात यात नवल नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा फक्त शहरांचा आजार राहिलेला नाही, ग्रामीण भागातही प्रमाण ८.९ टक्के निघालं. आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या म्हटल्यावर माणूस दुसरा रस्ता शोधणारच.

'दोन वेळा जेवा' हे आलं कुठून?

महाराष्ट्रात हा विचार आधी नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार व्याख्यानांमधून मांडायचे. २००४ मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं. पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो स्वतःवर करून पाहिला, वजन उतरलं आणि मग गावोगाव भाषणं सुरू झाली. नियम सोपे आहेत. कडक भूक लागते अशा दोन वेळा ओळखा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, गोड टाळा, मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा एवढंच घ्या आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. सुरुवात करण्याआधी एचबीए१सी आणि उपाशीपोटी इन्सुलिन तपासा, हेही ते सांगतात. फॉरवर्ड होताना नेमकी हीच ओळ गळते.

२०१८ मध्ये राज्य सरकारने लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी दीक्षितांची निवड केली आणि वाद पेटला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचं सांगणं वेगळं होतं: थोडं थोडं, वेळेवर, आपल्या मातीतलं खा, भात आणि तूप यांना घाबरू नका. घराघरांत 'दीक्षित की दिवेकर' असे दोन पक्ष पडले. खरं तर पाकिटातले पदार्थ आणि साखर कमी करा, घरचं जेवा, हालचाल करा, यावर दोघांचं भांडण नव्हतंच.

विज्ञान काय सांगतं? ५५ मिनिटांचा नियम पाळायला सोयीचा आहे, पण शरीरात इन्सुलिन घड्याळ लावून थांबत नाही. जेवणानंतर ते दोन-तीन तास स्रवत राहतं. दोनदा जेवण्याची कल्पना मात्र पोकळ नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेक प्रजासत्ताकातल्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना १२ आठवडे दोन मोठी जेवणं आणि १२ आठवडे सहा लहान जेवणं देण्यात आली. एकूण कॅलरी दोन्हीकडे सारख्याच होत्या. दोन जेवणांच्या काळात वजन सरासरी ३.७ किलो उतरलं, सहा जेवणांच्या काळात २.३ किलो. पण त्यांची दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. आपल्याकडे न्याहारी सोडून दुपारी एक आणि रात्री साडेनऊला ताटभर भात, असा 'दोन वेळा'चा अर्थ लावला जातो. या अभ्यासाने त्याला पाठिंबा दिलेला नाही.

शुगर खरंच 'जाते' का?

काहींची जाते, आणि ही मोठी गोष्ट आहे. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या अभ्यासात ३०६ रुग्ण होते. त्यातल्या अर्ध्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५३ कॅलरीचा आहार दिला. वर्षाने त्या गटातले ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हेच प्रमाण ४ टक्के होतं. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात तर ८६ टक्के. यकृत आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी कमी झाली की इन्सुलिनचं काम पुन्हा रुळावर येतं, असं त्यामागचं स्पष्टीकरण आहे.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. या लोकांचा मधुमेह सहा वर्षांपेक्षा जुना नव्हता आणि कुणीही इन्सुलिनवर नव्हतं. शिवाय दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ टक्के झाले. म्हणून डॉक्टर 'बरा झाला' असं न म्हणता 'माघार घेतली' असं म्हणतात. २०२१ मध्ये ठरलेली व्याख्या अशी: औषध बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ टक्क्यांखाली हवं.

'पण मी तर बारीक आहे' असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचं उदाहरण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच शरीरं मोजली आणि २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर न दिसणारी चरबी आपल्याकडे पोटाभोवती बसते. त्यामुळे वजनापेक्षा कंबरेचा घेर मोजणं आपल्याला जास्त उपयोगी.

भात सोडून नाचणी?

पोलादपूरच्या डोंगरउतारांवर नाचणी आणि वरी पिढ्यानपिढ्या पिकतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि गरिबाची म्हणून बाजूला पडलेली नाचणी मॉलमध्ये जाऊन बसली. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू आणि ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तंतू ३ ग्रॅमच्या आत आणि कॅल्शियम नावापुरतं. हिशेब नाचणीच्या बाजूने आहे, पण पूर्ण नाही. त्याच १०० ग्रॅम नाचणीत कर्बोदकं सुमारे ६७ ग्रॅम आहेत, तांदळात ७८. म्हणजे भात सोडून नाचणीच्या चार भाकऱ्या खाल्ल्या तर शुगर वाढणारच. बारीक पिठाची पातळ आंबील भाकरीपेक्षा लवकर पचते, त्यामुळे ती साखर लवकर वाढवू शकते.

उपवासाचंही तसंच. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं आणि वर वरीचे तांदूळ: 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी शुगर तपासून 'उपास करूनही वाढली' म्हणणाऱ्यांनी आधी ताट आठवावं.

कोकणातल्या ताटात बदल करायचा तर धान्य बदलण्याआधी प्रमाण बदलणं सोपं आहे. भात निम्मा, कुळथाचं पिठलं किंवा उसळ दुप्पट, सोबत पालेभाजी, चालत असेल तर मासे. २०१५ च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात ११ रुग्णांना एकच जेवण वेगळ्या क्रमाने दिलं. भाजी आणि प्रथिनं आधी, पाव आणि रस नंतर, एवढ्यानेच जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. ११ माणसं म्हणजे फार नाहीत, पण हा प्रयोग घरी करायला पैसे लागत नाहीत.

रस, चूर्ण आणि कॅप्सूल

इथे पुरावा पातळ आणि जाहिरात जाड आहे. कारल्याबद्दलच्या अभ्यासांचा कोक्रेन संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला. मधुमेहात ते उपयोगी आहे असं म्हणण्याइतका पुरावा नाही, हा निष्कर्ष. मेथीचा थोडा परिणाम काही अभ्यासांत दिसतो, पण त्या अभ्यासांचा दर्जा यथातथाच. बाजारातली जाड सालीची स्वस्त दालचिनी बहुधा कॅसिया जातीची असते. तिच्यात कुमरिन असतं आणि रोज चमचाभर खाल्ल्यास ते यकृताला त्रास देऊ शकतं.

'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?' याचं उत्तर मुंबईत मिळालं. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती फेटाळली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं. ते खरं धरलं तरी रानातून वेल तोडून आणणाऱ्याची काळजी कमी होत नाही, वाढतेच. दुधीच्या रसाबाबत तर आयसीएमआरच्या समितीने स्पष्ट सांगितलं आहे: रस कडू लागला तर एक घोटही पिऊ नका. कडू दुधीतल्या विषाने माणसं दगावलेली आहेत.

एक पूरक मात्र अनेकांना खरंच लागतं आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतल्यास बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. माळकरी, शाकाहारी घरांत ते आधीच कमी असण्याची शक्यता जास्त. पायाला मुंग्या येणं म्हणजे 'शुगरमुळेच' असं धरून बसण्यापेक्षा बी१२ तपासून घेतलेलं बरं.

'मला गुण आला' आणि महाडचा विंचू

गुण आला हे कशावरून ठरवायचं? याचा धडा महाडमध्येच आहे. लाल विंचवाचा दंश हा कोकणातला जीवघेणा प्रकार. पूर्वी माणसाला विंचू उतरवणाऱ्याकडे नेत. पुष्कळ दंशांत नुसत्या वेदना होतात आणि त्या काही तासांनी आपोआप थांबतात. श्रेय मंत्राला मिळे. ज्यांच्या हृदयावर विषाचा परिणाम होई, ते मात्र मरत.

१९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी हे रुग्ण तासातासाने पाहून नोंदी ठेवल्या. रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध यात जीव वाचवतं, हे त्यांनी दाखवलं. पण ते तिथे थांबले नाहीत. पुढे विंचवाची प्रतिलस आली तेव्हा महाडच्या त्यांच्या रुग्णालयात ७० रुग्णांचे दोन गट केले: एकाला प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिलस. दुसरा गट लवकर बरा झाला. ते निष्कर्ष २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

शुगरच्या प्रयोगातही विंचू उतरवणाऱ्याचाच घोळ होतो. माणूस तपासायला जातो तो लग्नसराईनंतर किंवा तब्येत बिघडल्यावर, तेव्हा आकडा चढलेलाच असतो. काहीही न करता तो थोडा उतरला असता, पण तेवढ्यात कारल्याचा रस सुरू झालेला असतो. घरच्या ग्लुकोमीटरला १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे. म्हणजे खरी शुगर १५० असताना तो १३० किंवा १७० दाखवू शकतो. एका आकड्यावर नाचू नये आणि रडूही नये.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. आहार, चालणं आणि चूर्ण एकदम सुरू केलं तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही. सुरुवातीला एचबीए१सी, कंबर, वजन, रक्तदाब आणि क्रिएटिनिन लिहून ठेवा, मग तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. एचबीए१सी तीनच महिन्यांनी, कारण ते साधारण तेवढ्या काळाची सरासरी सांगतं. लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खोटा वाढतो, सिकलसेल असेल तर चुकतो. या दोन्हींबद्दल तपासणीआधीच डॉक्टरांना सांगा. एखादा पदार्थ पारखायचा असेल तर तो वेगवेगळ्या दोन-तीन दिवशी तेवढ्याच प्रमाणात खाऊन, आधी आणि दोन तासांनी मोजा. खर्चाची अडचण असेल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत.

गोळ्यांचं काय?

नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याने एक जेवण कमी केलं तर शुगर धोकादायक खाली जाण्याची शक्यता कमी असते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. ही औषधं जेवण झालं की नाही हे पाहत नाहीत, साखर खाली ओढतातच. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेत असताना भात-भाकरी एकदम बंद केली किंवा कडक उपास केला तर रक्तात आम्ल साठू शकतं आणि तेव्हा ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला दिसतही नाही. मळमळ, उलट्या आणि धाप लागली तर थेट रुग्णालय गाठायचं. वजन उतरू लागलं की रक्तदाबाच्या गोळ्याही जास्त होऊन चक्कर येऊ शकते. 'डायरेक्ट'मध्ये गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. टाइप १ मधुमेह असेल तर इन्सुलिन कोणत्याही आहारासाठी बंद करायचं नाही. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाचा आजार असताना हे प्रयोग स्वतःहून करायचे नाहीत.

दरदरून घाम, हाताला कंप, धडधड, बोलण्यात गोंधळ ही शुगर खाली गेल्याची लक्षणं. माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. २०२१ च्या जुलैत तळिये, साखर सुतारवाडी आणि केवनाळेच्या दरडींच्या वेळी इथले रस्ते आणि फोन दोन्ही बंद पडले होते. वरच्या वाडीत राहणाऱ्याने औषधांची आणि जेवणाची वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांशी बोलून ती पावसाळ्याआधी बदलावी, आणि घरातल्या आणखी एकाला ही लक्षणं पाठ करून ठेवायला सांगावं.