काश्मीरची कांगडी

उत्तर हिंदुस्थानात वास्तव्य करणाऱ्या आम्हां मराठी माणसांस पौष-माघातली इकडची थंडी पहिली काही वर्षे नवलाची वाटते. देशावर किंवा कोकणात शेगडी ही स्वयंपाकघरातली वस्तू. फार तर बाळंतिणीच्या खोलीत शेकासाठी जावयाची. घर कशाने उबदार ठेवावे, हा प्रश्न तिकडे संसारात सहसा उद्भवतच नाही. अमरकोशात शेगडीला अंगारशकटी आणि हसन्ती अशी नावे दिली आहेत. आपली ‘शेगडी’ त्या ‘शकटी’चीच लेक मानली जाते. हसन्ती म्हणजे हसणारी. राखेआडून चमकणारा निखारा ज्याने ऐन हिवाळ्यात पाहिला असेल, त्याला या नावातील मर्म सांगावे लागणार नाही. परंतु या हसणाऱ्या शेगडीने माणसांना रडविलेही आहे, आणि तो इतिहास काश्मीरचा आहे.

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथील लोकांनी हिवाळ्याचे तीन भाग कल्पिले आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, पुढे वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. या सत्तर दिवसांत पाणी गोठते, वाटा बर्फाने बुजतात. नळाने घरोघर गॅस खेळविण्याची सोय या खोऱ्यास लाभली नव्हती. तेव्हा गृहस्थापुढे पिढ्यान् पिढ्या तीन मार्ग होते.

पहिला हमाम. खोलीची जमीन दगडी फरशीची, आणि तिच्याखाली पोकळी. त्या पोकळीत लाकडे पेटवावयाची; धूर आणि उष्ण हवा फरशीखालून फिरून धुराड्याने बाहेर पडते, आणि तापलेला दगड सारी खोली ऊबदार ठेवतो. वर तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाणीही तापते. दुसरी बुखारी, म्हणजे पत्र्याची उभी शेगडी. तिचा धूर नळीवाटे घराबाहेर जातो. तिसरी कांगडी. वेताच्या विणीत बसविलेले मातीचे भांडे, त्यात कोळशाचे निखारे, वर राखेचा थर. फेरन नावाच्या पायघोळ, ढगळ अंगरख्याखाली ती पोटाशी धरावयाची आणि घरात, दुकानात, रस्त्यात बरोबर वागवावयाची.

या तिहींमधील भेद केवळ साधनांचा नाही. हमाम खोली तापवितो, कांगडी माणूस तापविते. हमामास लाकडांच्या राशी लागतात आणि त्या रचून ठेवण्याजोगी ऐपतही लागते. त्यामुळे तो मशिदींत आणि संपन्न घरांत नांदला. कांगडीस मूठभर कोळसा पुरतो. आणि शरद ऋतूत गळलेली चिनाराची पाने जाळून, वर पाणी शिंपडून तो कोळसा गरिबालाही दारात करता येतो. ज्याच्या घराच्या फटींतून वारा वाहतो, त्याने सारे घर तापविण्यात इंधन का दवडावे? कांगडी टिकली ती अडाणीपणामुळे नव्हे. तिच्या मागे चोख हिशेब होता.

मात्र त्या हिशेबात एक रक्कम मांडावयाची राहून गेली होती. स्कॉटलंडहून आलेले डॉक्टर विल्यम एल्म्स्ली यांनी १८६६ साली एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. काश्मिरी लोकांत त्वचेचा कर्करोग मांडीवर आणि पोटावर आढळतो, आणि नेमकी तेथेच वर्षानुवर्षे कांगडीची धग लागत असते. पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयात आर्थर आणि अर्नेस्ट नीव्ह या बंधूंनी असे पुष्कळ रुग्ण तपासले. अर्नेस्ट नीव्ह यांचा या विषयावरील लेख १९२३ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात आला.

वैद्यकाच्या इतिहासात या शोधाचे एक नाते आहे. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने लंडनमधील धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचे कारण काजळी असल्याचे दाखविले होते. तेथे कोळशाच्या आगीपुढे धनिक शेकत बसत. धुराड्यात उतरविली जात ती गरिबांची मुले, आणि ती चाल प्रत्यक्षात मोडावयास १८७५ सालचा कायदा यावा लागला. कर्करोगास बाहेरचे कारण असू शकते, हे जगाला शिकविणाऱ्या प्रारंभीच्या उदाहरणांत ही दोन्ही येतात. आणि दोन्ही माणसाच्या शेकोटीपाशीच सापडली. भेद एवढाच, की लंडनमध्ये ऊब एकाला मिळे आणि किंमत दुसरा देई. काश्मिरात दोन्ही एकाच देहाच्या वाट्याला आली.

पुढे वीज आली. झेलमवरील मोहरा येथील वीजघर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. परंतु हिवाळ्यात नद्यांचे पाणी आटते. म्हणजे विजेची गरज सर्वाधिक असते तेव्हाच ती कमी निर्माण होते. सिलिंडरवरच्या गॅसशेगड्या आल्या. पण जिला धुराडे नाही अशी शेगडी दारेखिडक्या लावून जाळली, तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो, आणि त्याला रंग नाही, वासही नाही. कोळशाची कांगडी उशाशी घेऊन बंद खोलीत निजणेही तितकेच घातक. म्हणून वीज गेली की आजही कांगडीच हाती घेतली जाते.

या इतिहासातून आम्हांस उमगते ते एवढेच. घरासाठी शेगडी निवडताना आपण तिची किंमत विचारतो, इंधनाचा खर्च विचारतो. धूर कोठे जाणार आणि धग कोणाच्या अंगाला लागणार, हेही तेव्हाच विचारावयास हवे. ज्यांस हमाम परवडतो त्यांनी कांगडीवाल्यास अज्ञानी म्हणू नये. त्याच्या घराच्या भिंती वारा अडवतील, त्याच्या शेगडीला धुराडे मिळेल आणि विजेचा तुटवडा सरेल, त्या दिवशी तो आपणहून कांगडी खाली ठेवील. तोवर हसन्तीचे हसू पाहताना, तिने पोळलेल्या देहांची आठवण आपण ठेवली पाहिजे.