सोलापूरच्या नवी पेठेत घराचा खरा भाव किती? मोबाईलवर सरकारी डेटा असा शोधा

१ एप्रिल २०२५ पासून राज्यात नवे रेडी रेकनर दर लागू झाले. त्यात महापालिका क्षेत्रांमध्ये सर्वात जास्त वाढ सोलापूरला मिळाली, १०.१७ टक्के. मुंबईत हीच वाढ ३.३९ टक्के होती आणि मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांची सरासरी ५.९५ टक्के.

आता प्रश्न असा की, सरकारी दर १० टक्क्यांनी वाढला म्हणजे नवी पेठेतलं घर खरंच तेवढं महागलं का? एजंट एक आकडा सांगतो, शेजारी दुसरा सांगतात आणि ॲपवर तिसराच दिसतो. घरचे जागा घ्यायच्या, विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या विचारात असतील, तर आकडा तपासण्याचं काम बहुतेक वेळा घरातल्या स्मार्टफोनवाल्याकडेच येतं. त्यासाठी कोणता डेटा कुठे मिळतो आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, ते आज पाहू.

आधी हे लक्षात घ्या

नवी पेठ नावाचा भाग पुण्यातही आहे आणि जळगावातही. त्यामुळे नुसतं ‘नवी पेठ’ सर्च केलं तर भलत्याच शहराचे भाव समोर येतात. सरकारी साइटवर जिल्हा सोलापूर आणि तालुका उत्तर सोलापूर निवडायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे हा जुना, बाजारपेठेचा भाग आहे. इथे गट नंबरपेक्षा सिटी सर्व्हे नंबर (सि.स.नं.) कामाला येतो. तो मालमत्ता पत्रकावर किंवा जुन्या खरेदीखतावर असतो. शोध सुरू करायच्या आधी तो शोधून ठेवा.

१. रेडी रेकनर: सरकारी किमान दर

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या म्हणजे आयजीआर महाराष्ट्रच्या साइटवर ‘ई-एएसआर’ हा पर्याय आहे. नकाशावर सोलापूर जिल्हा निवडा, मग वर्ष, तालुका आणि गाव. त्यानंतर विभागांची यादी उघडते. त्यात खुली जमीन, निवासी सदनिका, ऑफिस आणि दुकान यांचे वेगवेगळे दर दिसतात.

हे दर चौरस मीटरचे असतात. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. समजा दर ४०,००० रुपये असेल (हा आकडा फक्त हिशोबासाठी), तर चौरस फुटाला साधारण ३,७१६ रुपये झाले.

हा बाजारातला भाव नाही. मुद्रांक शुल्क कशावर लावायचं, ते ठरवण्यासाठी हा दर वापरतात. व्यवहाराची रक्कम आणि सरकारी मूल्य यातलं जे जास्त, त्यावर शुल्क लागतं. म्हणजे दर वाढल्यावर प्रत्यक्ष भाव जागच्या जागी असला तरी तुमचा खर्च वाढू शकतो. २०२५ च्या वाढीचा सोलापूरकरांशी थेट संबंध आहे तो इथे.

२. इंडेक्स टू: झालेले खरे व्यवहार

सगळ्यात कामाचा डेटा हाच. आयजीआरच्याच साइटवर ‘ई-सर्च’मध्ये विनाशुल्क सेवा आहे. तिथे उर्वरित महाराष्ट्र निवडा, मग वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाका. काही वेळा पहिला कॅप्चा टाकल्यावर काहीच येत नाही, नवा कॅप्चा दिसतो. तो टाकून पुन्हा सर्च करा.

यादीतल्या नोंदीसमोर इंडेक्स टू (सूची क्रमांक २) उघडता येतो. त्यात हे पाहा:

- विलेखाचा प्रकार: खरेदीखत, करारनामा, बक्षीसपत्र की लिव्ह अँड लायसन्स
- मोबदला: ठरलेली रक्कम
- बाजारभाव: सरकारी मूल्य
- क्षेत्रफळ, मजला आणि मिळकतीचं वर्णन
- दस्ताची तारीख

समजा ६० चौरस मीटर कार्पेटचा फ्लॅट ३० लाखांना गेला. तर चौरस मीटरला ५०,००० आणि चौरस फुटाला साधारण ४,६४५ रुपये. अशा सात-आठ नोंदी एका शीटमध्ये भरा आणि चढत्या क्रमाने लावून मधला आकडा बघा. एखादा फारच महाग किंवा स्वस्त व्यवहार सरासरी बिघडवतो, मधल्या आकड्याला तेवढा धक्का लागत नाही.

हिशोबात तीन चुका टाळा. बक्षीसपत्र धरू नका, कारण ती घरातल्या घरातली देवाणघेवाण असते. कार्पेट आणि बिल्टअप क्षेत्रफळ एकत्र मिसळू नका. आणि तळमजल्याचं दुकान वरच्या मजल्यावरच्या घराशी जोडू नका. नवी पेठेत एकाच इमारतीत दोन्ही असतात आणि त्यांच्या भावात मोठा फरक पडतो.

जुना भाडेकरू असलेली जागा स्वस्तात गेलेली दिसते. तो रिकाम्या घराचा भाव नाही. शिवाय नोंदवलेली रक्कम सरकारी मूल्याला अगदी चिकटून असेल, तर प्रत्यक्ष सौदा तेवढ्यालाच झाला असं लगेच समजू नका.

३. भाडं किती चालू आहे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्यामुळे ई-सर्चमध्ये लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदीही मिळतात. मात्र बरेच लोक नोंदणी करतच नाहीत, म्हणून हा डेटा अपुरा असतो. आजूबाजूला दोन-चार घरी विचारून खात्री करा.

४. महारेरा: नव्या इमारती

महारेराच्या साइटवर प्रकल्पाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाका. सदनिका किती, त्यातल्या बुक किती झाल्या, ताबा कधी, कोर्टात केस आहे का, हे सगळं मोफत दिसतं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की थेट माहिती उघडते.

पण जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका ८ पर्यंत असतील तर नोंदणीचं बंधन नाही. पेठेतल्या छोट्या प्लॉटवरची इमारत यादीत दिसली नाही तर ती लगेच बेकायदा ठरत नाही. तिथे महापालिकेचा बांधकाम परवाना मागून बघा.

५. मालमत्ता पत्रक: मालक कोण?

महाभूलेख साइटवर सोलापूर जिल्हा निवडून मालमत्ता पत्रक पाहता येतं. भाव कितीही चांगला असला तरी विकणाऱ्याचं नाव त्यावर नसेल तर आधी थांबा. फुकट दिसणारी प्रत फक्त माहितीसाठी असते. कायदेशीर कामाला डिजिटल सही असलेली प्रत फी भरून घ्यावी लागते.

ॲपवरचे भाव आणि शहराची सरासरी

मॅजिकब्रिक्स, हाउसिंग डॉट कॉम, ओएलएक्स यांच्यावर दिसतो तो मागितलेला भाव. घासाघीस होऊन सौदा कितीला तुटला, ते तिथे कळत नाही. वरची मर्यादा म्हणून तो वापरा.

रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक निवडक मोठ्या शहरांपुरता आहे, सोलापूर त्यात नाही. शहराच्या सरासरीचाही उपयोग मर्यादितच. १९ जानेवारी २०२४ ला कुंभारीच्या रे नगरमध्ये १५,००० घरांचं लोकार्पण झालं. अशी घरं आणि पेठेतली जागा एका सरासरीत टाकली तर दोन्हीकडचं चित्र चुकतं. २०११ च्या जनगणनेत घरं स्वतःची किती, भाड्याची किती, खोल्या किती, ही माहिती आहे, पण ती आता जुनी झाली.

मग आकडा कसा ठरवायचा?

रेडी रेकनर म्हणजे खालची रेघ, ॲपवरचा भाव म्हणजे वरची रेघ आणि इंडेक्स टूचा मधला आकडा या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते पाहा. सांगितलेला भाव यापासून खूप लांब असेल तर कारण विचारा. कोपऱ्याची जागा, रस्त्यालगत दुकान, पार्किंग अशी कारणं खरी असू शकतात. कारणच सांगता येत नसेल तर घाई करू नका.

शेवटी दोन सूचना

सरकारी साइटचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो का ते बघा. सातबारा किंवा इंडेक्स टू दाखवतो म्हणून कुणी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवली तर इन्स्टॉल करू नका. आणि इंडेक्स टूवर लोकांची नावं असतात, त्यामुळे त्याचे स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरवू नका. शीटमध्ये फक्त रक्कम, क्षेत्रफळ, मजला आणि तारीख लिहिली तरी काम भागतं.