सगळ्यांचं सोनं सारखं

1938 चा दसरा. पाऊस नुकताच ओसरलाय आणि जाफराबादला पूर्णेचं पाणी अजून गढूळ आहे. सीमोल्लंघन करून तुम्ही नदीकाठच्या वाटेने गावात परत येताय. अंगात गेल्या वर्षीचाच सदरा आहे. खिशात निजामी हाली सिक्क्याचे दोन आणे आहेत, तेही उद्या वाण्याला द्यायचे. तरी तुमची मूठ भरलेली आहे. आपट्याची पानं आहेत तिच्यात.

पहिलं दार चुलत्याचं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." पान त्यांच्या हातात जातं, तुमचं डोकं त्यांच्या पायांवर. मग तुम्ही वाण्याच्या दारात येता. त्याच्या वहीत तुमच्या नावावर उधारी आहे, म्हणून पाऊल जरा अडखळतं. पण तोही ताटलीतलं पान उचलून तुमच्या हातावर ठेवतो आणि गळाभेट घेतो. त्याचं पान तुमच्या पानापेक्षा भारी नाही. दिवेलागणीनंतर घरच्या कोनाड्यात पानांचा ढीग साचतो आणि त्यातलं कोणतं पान कुणी दिलं, हे कुणालाही सांगता येत नाही.

भेट सगळ्यांची सारखी असली की देणाऱ्याची मान खाली जात नाही. इथून ही गोष्ट सोबत घ्या.

आता आणखी पन्नासेक वर्षं मागे चला. 1880 च्या दशकातला डिसेंबर. तुमची बैलगाडी जालन्याच्या वाटेला लागली आहे. रेल्वे या मुलखात अजून यायची आहे. दोन्ही बाजूंना रब्बीची ज्वारी उभी आहे आणि पहाटेच्या गारठ्यात बैलांच्या नाकपुड्यांतून वाफा निघतायत. जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव आहे, तिथे तुम्हाला नाताळला पोहोचायचं आहे.

हे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर वसवलं. 1843 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा धाकटा भाऊ श्रीपतही त्यांच्या ओढीने मिशनच्या घरी आला होता. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने श्रीपतला वडिलांच्या हवाली केलं. त्याला पुन्हा जातीत घ्यावं की नाही, यावर तेव्हाच्या महाराष्ट्रात मोठा वाद पेटला आणि त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. भावापासून भाऊ तुटणं म्हणजे काय, हे सोसलेल्या माणसाने हे गाव उभारलंय. नव्या श्रद्धेपायी भावकीला मुकलेल्या माणसाला नाताळ आला की काय वाटत असेल, हे त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

बेथेलमधल्या नाताळच्या उपासनेत तुम्ही मागच्या बाजूला मांडी घालून बसता. मत्तयाच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचली जाते: पूर्वेकडून आलेले मागी लोक, त्यांनी उघडलेल्या थैल्या आणि आतलं सोनं, ऊद, गंधरस. तुमच्या शेजारची मुलं कान टवकारून ऐकतायत. तुम्हीही नीट ऐका. एवढ्या लांबून आलेले ते लोक वाटेतल्या प्रत्येकासाठी काही आणत नाहीत. सगळ्यांचे डोळे एकाच बाळाकडे लागलेले आहेत. मन लावून द्यायचं तर एका वेळी एकालाच देता येतं. ही दुसरी गोष्ट.

तिसऱ्या ठिकाणीही तारीख नाताळचीच आहे. 25 डिसेंबर 1873, पुणे. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तीन महिने झालेत आणि समाजातलं पहिलं लग्न लागतंय. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. तुमची नजर सवयीने भटजींना शोधते, पण भटजी नाहीत. वधूवर स्वतःच एकमेकांसमोर शपथ घेतात. खर्च पानसुपारीपुरता, तोही सावित्रीबाई फुले यांनी उचललेला. कुणीतरी तुमच्या हातावर विडा ठेवतं. आहेर, मानपान, रुसवेफुगवे यांची इतकी सवय झालेले तुम्ही क्षणभर गोंधळता, मग विडा तोंडात टाकता.

सुमारे दीड वर्षाने, 12 मे 1875 रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांचे कर्जरोखे जाळणार आहेत. कर्जाने गांजलेल्या त्या काळात पानसुपारीवर लग्न लावणं हा मोठा दिलासा होता. पण तो एकट्यादुकट्याला मिळाला नसता. एकट्याने आहेर बंद केला असता तर लोकांनी त्याला कंजूष म्हटलं असतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं, म्हणून त्याची रीत झाली. ही तिसरी गोष्ट.

आता या वर्षीच्या डिसेंबरात, नाताळच्या तयारीत या. दारात चांदणीचा कंदील लागलाय, डब्यांत करंज्या आणि शंकरपाळ्या भरल्यात. पुण्याचा भाऊ आणि छत्रपती संभाजीनगरची बहीण मुलाबाळांसह जाफराबादला येणार आहेत. घरात मिळून चौदा माणसं. प्रत्येकाने उरलेल्या तेरा जणांना काही द्यायचं म्हटलं तर 182 भेटी होतात. पण सगळ्यात धाकट्या भावाचं काम सुटलंय आणि तो 'यंदा यायला जमेल असं वाटत नाही' म्हणतोय. त्याला काय जमत नाहीये, ते तुम्हाला कळतंय.

सोबत आणलेल्या तिन्ही गोष्टी आता एकत्र करा. चौदा चिठ्ठ्या लिहा आणि डब्यात टाका. प्रत्येकाने एकच उचलायची. स्वतःचं किंवा नवरा-बायकोचं नाव आलं तर चिठ्ठी परत टाकून दुसरी घ्यायची; शेवटच्यालाच तसं झालं तर सगळ्यांनी पुन्हा काढायच्या. जे लांब आहेत, त्यांची चिठ्ठी ते सांगतील त्याने काढावी आणि फोनवर फक्त त्यांनाच वाचून दाखवावी. नाव गुपित ठेवायचं. नेदरलँड्समध्ये 5 डिसेंबरला सिंटरक्लासच्या सणाला कुटुंबं अशाच चिठ्ठ्या काढतात आणि भेटीसोबत त्या माणसावर रचलेल्या चार ओळी देतात. त्या चार ओळी तुम्हीही घ्या. एरवी ज्या माणसाशी "जेवलास का?" याच्या पुढे बोलणं जात नाही, त्याच्याबद्दल चार ओळी लिहायच्या म्हटल्या की वर्षभराचं आठवावं लागतं.

रकमेची मर्यादा घरातल्या थोरल्यांनी ठरवावी आणि मुद्दाम कमी ठरवावी, म्हणजे ज्याच्या हाताला काम नाही त्याला ती मागावी लागणार नाही. हाताने केलेल्या वस्तूला पहिला मान द्या. आजीच्या हातच्या मसाल्याचं प्रमाण वहीत उतरवून देता येईल. जुना फोटो धुऊन चौकटीत बसवता येईल. शेतातल्या ज्वारीच्या हुरड्याला सोबत न्यायचा शब्दही देता येईल. 182 च्या जागी चौदा भेटी, आणि त्यातली प्रत्येक कुणीतरी दोन-तीन आठवडे मनात घोळवलेली.

धाकट्या भावाला मात्र आजच फोन लावा. हा नियम त्याच्यासाठी केलाय असं म्हणू नका. "आपण सगळ्यांनी ठरवलंय" म्हणा आणि विचारा, "तुझी चिठ्ठी कुणाला काढायला सांगू?"