रोगकारणविषयक लोकसमजुती (वर्धा परिसर)

संसर्गजन्य रोग कशाने होतो, याविषयी वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूरसारख्या (ता. हिंगणघाट) कापूसपट्ट्यातील गावांच्या परंपरागत कल्पना. सगळ्या रोगांना एकच कारण इथे कोणी देत नाही. अंगावर पुरळ उठले तर माता, हगवण-ओकारीची साथ आली तर मरीआई, तान्ह्याचे अंग एकाएकी तापले तर नजर; सर्दीखोकल्याला मात्र नुसती बदललेली हवा पुरते.

गोवर-कांजिण्यांत ‘माता आली’ असे म्हणतात. आलेल्या पाहुणीचा मान म्हणून घरात फोडणी बंद, मांसमच्छी बंद, दाराला कडुलिंबाचा डहाळा. पुरळ सुकले की कडुलिंबाच्या पाण्याने न्हाण. परक्याने त्या घरात पाऊल टाकायचे नाही, हा नियम विलगीकरणाचाच, फक्त देवीच्या नावाने पाळलेला. हगवण-ओकारीच्या साथीत, म्हणजे पटकीत, मात्र हीच विचारसरणी जीवघेणी ठरे. मरीआईचा गाडा शिवेपार ढकलून गाव निश्चिंत होई आणि त्याच विहिरीचे पाणी पुन्हा पिई. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात ओळखला होता. ‘देवी’ हा शब्द तर रोगालाही होता आणि लसीलाही. लस टोचणे म्हणजे ‘देवी काढणे’. भारतात देवीची स्थानिक लागण १९७५ मध्ये थांबली, मातामायची पूजा थांबली नाही.

महारोगाचे कारण पूर्वजन्मीचे पाप मानले जाई, त्यामुळे रोग्याला औषधाआधी गावाबाहेरची वाट दाखवली जाई. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतः करीत.

हत्तीपायाचे कोडे वेगळे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक काढतात, तेव्हा तिच्यासोबत रोगराईच्या जोडीने माश्या-मच्छरांनाही हाकलतात, म्हणजे कीटक आणि आजार एका पंगतीत बसवण्याची जुनी खोड आहेच. तरीही सुजलेल्या पायाचा दोष मच्छरावर जात नाही. कारण साधे आहे : गटारातल्या घाण पाण्यावर वाढणारा क्युलेक्स डास आज चावतो आणि पाय सुजतो कित्येक वर्षांनी. इतक्या लांबचा धागा डोळ्यांना जुळत नाही. आरोग्यसेविका वर्षातून एकदा हत्तीपाय रोखणाऱ्या डीईसीच्या गोळ्या घेऊन दारात उभी राहते, तेव्हा ‘मले काही झालंच नाही, मंग गोळी कायले?’ हा प्रश्न तिला याच हिशेबातून ऐकावा लागतो.