शेळी दाव्याला बांधून चारताना काय काळजी घ्यायची?

शेळीला 'गरिबाची गाय' म्हणतात. २०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४.९ कोटी शेळ्या आहेत आणि त्यातल्या एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात. ज्या घरी दोन-चारच शेळ्या असतात, तिथे त्यांच्यामागे दिवसभर माणूस फिरवणं परवडत नाही. मग बांधावर किंवा पडीक रानात खुंटी ठोकायची, शेळी बांधायची आणि कामाला जायचं, हा सोपा मार्ग उरतो.

पण यात एक गोष्ट विसरली जाते. मोकळी शेळी ऊन वाढलं की सावलीला जाते, तहान लागली की पाणी शोधते, कुत्रं दिसलं की पळते. दावं बांधलं की या तिन्ही वाटा बंद होतात आणि ती जबाबदारी बांधणाऱ्यावर येते.

दावं आणि गाठ कशी असावी?

सगळ्यात मोठा धोका फासाचा. ओढलं की आवळणारी सरकगाठ शेळीच्या गळ्यात कधीच बांधू नये. रुंद पट्टा वापरावा आणि पट्टा व मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज जातील एवढी जागा ठेवावी. बारीक नायलॉनची दोरी मानेला काचते, त्यामुळे जाड दोरी चांगली. पायाला बांधणंही टाळावं, कारण झटका बसला की पाय दुखावतो.

शेळी खुंटीभोवती फिरत राहिली की दोरीला पीळ पडतो आणि दावं आखूड होत जातं. म्हणून पट्ट्याजवळ आणि खुंटीजवळ गोल फिरणारी कडी लावावी. खुंटी जमिनीत जवळपास पूर्ण ठोकावी, म्हणजे दोरी तिच्याभोवती गुंडाळली जात नाही.

दावं किती लांब हवं?

साधारण १० फुटांच्या दाव्यावर शेळीला सुमारे ३१४ चौरस फूट जागा मिळते. दावं दुप्पट केलं की जागा चौपट होते, पण दोरी अडकण्याचा धोकाही वाढतो. दोन शेळ्या असतील तर १० फुटांच्या दाव्यासाठी खुंट्या किमान २५ फूट लांब ठोकाव्यात, नाहीतर दोऱ्या एकमेकींत गुंततात.

जागा कशी निवडायची?

आधी दाव्याचा पूर्ण गोल स्वतः चालून बघावा. त्यात झुडपं, दगड, तारेचं कुंपण, विहीर किंवा ताल असेल तर जागा बदलावी. तालीवरून खाली उतरलेली शेळी दाव्यालाच लटकून दगावू शकते. दुपारची सावली कुठे सरकते तेही पाहावं, कारण सकाळी सावलीत असलेली जागा दुपारी भर उन्हात येते. पाण्याची बादली दावं पोचेल, पण दोरीने सांडणार नाही अशी गोलाच्या काठावर ठेवावी.

आवाक्यात कण्हेर, घाणेरी किंवा ज्वारीचे कोवळे फुटवे नसावेत. तिन्हींमुळे विषबाधा होते. मोकळ्या शेळीला निवडीला वाव असतो, बांधलेली भुकेली शेळी मात्र समोर येईल ते खाते.

रोज एकाच जागी का बांधू नये?

शेळीच्या लेंड्यांतून जंतांची अंडी गवतावर पडतात. उबदार, ओलसर हवेत साधारण आठवड्याभरात त्यांतून तयार झालेल्या अळ्या गवतावर चढतात आणि तेच गवत खाणाऱ्या शेळीच्या पोटात जातात. म्हणून खुंटी रोज हलवावी. पावसाळ्यात दव सुकल्यावरच शेळी बाहेर काढावी.

कधी बांधू नये?

लहान करडं आणि विण्याच्या बेतातल्या शेळ्या दाव्यावर सोडून जाऊ नये. पाऊस किंवा विजांची शक्यता असेल तर शेळी गोठ्यातच बरी. जुन्नर, आंबेगावसारख्या बिबट्याच्या पट्ट्यात ऊस किंवा झाडीच्या कडेला बांधणं टाळावं आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी शेळी घरी आणावी. इतर ठिकाणी भटक्या कुत्र्यांचा धोका असतोच. त्यामुळे हाकेच्या अंतरावर कुणीतरी असावं आणि दर तासा-दोन तासांनी एक चक्कर व्हावी.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यातल्या कलम ११नुसार, जनावराला अवाजवी आखूड किंवा जड दोरी-साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे.

थोडक्यात, दावं शेळीला फक्त जागेवर ठेवतं. तिची राखण माणसालाच करावी लागते.